पोळ्यावर चित्रमालिका करताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या खेड्यांतून डिजिटल चित्रं काढणारी मुलं-मुली आता पुष्कळ आहेत. कुणाकडे टॅब्लेट आहे, कुणी मोबाइलवरच बोटाने रंगवतं. श्रावण अर्धा सरला की त्यांचे मेसेज यायला लागतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचा. आमच्या भागात बैल हा घरातलाच माणूस, आणि पोळ्यावर चित्रं काढणं हे माझं आवडीचं काम. त्या कामातून जे कळलं ते इथे प्रश्नोत्तरांत लिहून ठेवतो आहे.

पोळ्याचं एक चांगलं चित्र पुरे नाही का? मालिका कशाला?

पोळा कॅलेंडरात एक दिवस दिसतो, गावात तो जवळजवळ तीन दिवस चालतो. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी, म्हणजे बैलाचा खांदा चोळून शेकणं, अमावस्येला पोळा, दुसऱ्या दिवशी पाडवा आणि पोरांचा तान्हा पोळा. एकच चित्र काढायचं म्हटलं की सगळे जण झूल घातलेला, बाशिंग बांधलेला बैल काढतात. तो सुंदरच असतो, पण वर्षभर त्याच्यासोबत राबणारा माणूस त्या चित्रात मावत नाही. बैलाला धुणारा, शिंगं रंगवताना त्याचं तोंड काखेत धरणारा, मिरवणुकीत कासरा धरून चालणारा माणूस बऱ्याचदा मालक नसतोच, सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी असतो. पोळ्याला त्याला नवे कपडे देण्याची रीत आहे. मालिकेत त्याला जागा मिळते. माझ्या मते मालिका करायचं हेच मोठं कारण.

किती चित्रं करावीत?

आठ ते बारा. पहिल्यांदा करत असाल तर सहासुद्धा चालतील. आकड्यापेक्षा कणा महत्त्वाचा. एकच घर, एकच बैलजोडी, एकच गडी धरा आणि त्यांच्यामागे तीन दिवस चला. प्रत्येक चित्रात वेगळे बैल, वेगळे चेहरे आले की पाहणाऱ्याला ती सुटी भेटकार्डं वाटतात.

काम कधी सुरू करावं?

पोळा श्रावण अमावस्येला, म्हणजे पिठोरी अमावस्येला येतो, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. २०२३ मध्ये तो १४ सप्टेंबरला होता, २०२४ मध्ये २ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. अधिक महिन्याच्या वर्षी तो पुढे जातो. "सप्टेंबरात बघू" म्हणत बसलात तर सण निघून जाईल.

माझा आग्रह असा की या वर्षीचा पोळा पाहायचा, टिपायचा, आणि चित्रं पुढच्या पोळ्याला लोकांसमोर ठेवायची. सणाच्या आधी महिनाभर घाईत केलेली मालिका नेटवरच्या फोटोंवर उभी राहते आणि तशीच दिसते. वर्ष हातात असेल तर मधल्या काळात तीच जोडी वखराला, डवऱ्याला, बंडीला (बैलगाडीला) जुंपलेली पाहता येते. कामात पाहिलेला बैल सणात वेगळा काढला जातो.

संदर्भासाठी फोटो कसे काढावेत?

आधी विचारा. ओळखीचं घर असलं तरी "काका, उद्या खांद शेकता तवा येऊ का?" एवढं विचारायचंच. मी बहुतेक वेळा पहिला तासभर मोबाइल खिशातच ठेवतो. बैलसुद्धा परका माणूस पाहून बुजतो. शिंगांच्या समोर उभं राहू नका, मागच्या पायांजवळ जाऊ नका, आणि फ्लॅश अजिबात नको.

काय टिपायचं? सगळे जण चेहरा टिपतात. तुम्ही खुरं टिपा, वेसण नाकातून कशी जाते ते टिपा, झूल पोटाखालून कुठे बांधतात ती गाठ टिपा, रंगाचे डबे, जुनी ब्रशं, पुसायची चिंधी टिपा. घरी आल्यावर याच गोष्टी आठवत नाहीत. पांढऱ्या बैलाचा फोटो मोबाइल फार उजळ काढतो आणि अंगावरची छटा जळून जाते. स्क्रीनवर बैलावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करा, मग काढा.

आवाजही रेकॉर्ड करा. चित्रात आवाज येत नाही हे खरं, पण महिन्याभराने रंगवायला बसताना घुंगरमाळेचा नि डफड्याचा आवाज कानावर पडला तर हात वेगळा चालतो.

खांदशेकणी चित्रात कशी दाखवावी? तिथे तर काहीच घडत नाही.

माझ्या दृष्टीने सगळ्या मालिकेतलं सर्वांत मोठं चित्र हेच.

जू वशिंडाच्या पुढे, मानेवर बसतं. वर्षानुवर्षं ओढून तिथली कातडी जाड होते, केस विरळ होतात, कधी घट्टा पडतो, पावसाळ्याच्या डवरणीत खांदा सुजतोसुद्धा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तोच खांदा हळद-तुपाने चोळून शेकतात. तूप परवडत नाही तिथे तेल घेतात. मग बैलाच्या कानाशी आवतण देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर हुकूम ऐकणाऱ्या जनावराला त्या संध्याकाळी पाहुण्यासारखं बोलावतात.

आता काढताना काय करायचं? जवळ जा. अख्खा गोठा दाखवू नका. खांदा, त्यावरचा हात आणि जमलंच तर बैलाचा अर्धमिटला डोळा, एवढ्यावर चित्र उभं राहतं. हात नीट पाहा. शेतकऱ्याच्या हाताची नखं, भेगांत शिरलेली हळद, तुपाने चकाकणारी बोटं. बैलाच्या अंगावर ओलसर पिवळा पट्टा उमटतो, त्याची कड मऊ ठेवा आणि केसांच्या दिशेने ब्रश ओढा. उजेड एकाच बाजूने, गोठ्यातल्या बल्बचा किंवा चुलीचा. बाकी सगळं अंधारात सोडून द्या. अमावस्येच्या आदली रात्र असते, तेव्हा दारातून चांदणं आत येऊ देऊ नका.

बैल काढला की गावातले लोक म्हणतात, "हा आपला नाही." काय चुकतं?

बहुतेक वेळा शिंगं. नेटवर "महाराष्ट्रातला बैल" शोधला की खिल्लार समोर येतो, लांब, धनुष्यासारखी मागे वळलेली शिंगं, ताठ मान. देखणा बैल आहे, पण तो माणदेश-सोलापूरकडचा. आमच्या वर्धा-नागपूर पट्ट्यातली जात गवळाऊ. रंग पांढरा ते राखाडी, चेहरा लांब नि अरुंद, डोळे बदामी, बांधा हलका नि चपळ, आणि शिंगं आखूड, टोकाला बोथट. खिल्लारची शिंगं लावलेला बैल आमच्या आखरावर, म्हणजे गावची गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत उभा केला तर म्हातारी माणसं लगेच विचारतील, "काहून बा, हे बैल घाटावरून आनले का?"

पूर्वेकडे गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाच्या धानपट्ट्यात लहान चणीची, बांधीच्या चिखलात काम करणारी कठाणी आहे. तिथल्या गावाची मालिका करत असाल तर उंच पांढरी जोडी काढू नका. आणि पुष्कळ घरी तर कुठल्याच नावाच्या जातीचे नसलेले, बांडे, तांबडे, कबरे बैल असतात. तुमच्या समोर जो आहे तो काढा. त्याचं नाव काय ते घरच्यांना विचारा आणि तेच लिहा. प्रत्येक जोडीला सर्जा-राजा म्हणायची गरज नाही.

शरीररचनेत तीन जागा सांभाळा. वशिंड पाठीच्या मधोमध नसतं, पुढच्या पायांच्या वर असतं. मागच्या पायाचा मधला सांधा मागे वळतो, माणसाच्या गुडघ्यासारखा पुढे नाही. आणि गळ्याखालची लोंबती कातडी चालताना एका बाजूला झुलते. ती सरळ काढली तर बैल उभा असल्यासारखाच वाटतो.

अजून एक, जे फक्त डिजिटलमध्येच होतं. चित्र तपासायला आपण कॅनव्हास आडवा उलटवतो आणि कधी उलटाच आवडला म्हणून तसाच ठेवतो. जोडीतल्या बैलांच्या जागा ठरलेल्या असतात. डाव्या बाजूचा डावीकडेच जुंपतात, उजव्या बाजूचा उजवीकडेच. मालिकेतल्या एखाद्या चित्रात ढवळा उजवीकडे नि पुढच्यात डावीकडे दिसला तर शेतकऱ्याच्या ते पहिल्यांदा लक्षात येतं. उलटवल्यावर बायकांचा पदरही चुकीच्या खांद्यावर जातो.

साज किती नि कसा दाखवावा?

घरात जो असेल तेवढाच. शिंगांना रंग आणि बेगड, कपाळावर बाशिंग, काही घरी मठाठी, गळ्यात घुंगरमाळ नि कवड्यांची माळ, पाठीवर झूल, पायात तोडे, अंगावर गेरूचे ठिपके किंवा हाताचे पंजे, नवी वेसण, नवा कासरा. गरीब घरचा बैल नुसता गेरूचे ठिपके नि नवी दोरी घालून येतो, आणि आखरावर तोही त्याच रांगेत उभा असतो. रांगेतले सगळे बैल सारखे नटवलेले दाखवणं खोटं आहे. तीन-चार जोड्यांमध्ये साजाचा फरक दिसू द्या, गावाची अख्खी परिस्थिती त्यात येते.

काम सोपं करायचं तर बैल आणि साज वेगळ्या थरांवर (लेयरवर) ठेवा. आधी उघडा बैल पूर्ण रंगवा, मग झूल, मग माळा. धुण्याच्या चित्रात तोच बैल साजाशिवाय वापरता येतो.

रंग कुठले घ्यावेत?

इथे थोडं थांबावं लागेल, कारण पोळ्याची चित्रं बहुतेक वेळा ऋतूतच चुकतात.

पोळा भर पावसाळ्यातला. आभाळ बहुधा भरलेलं, उजेड सगळीकडून सारखा, सावल्या पुसट. कोरडं पिवळं माळरान आणि कडक ऊन काढलंत तर तो उन्हाळा झाला. पश्चिमेकडे काळ्या मातीत कपाशी कमरेपर्यंत आलेली असते, सोयाबीन शेंगांवर येत असतं. बोंडं फुटून पांढरा कापूस अजून दिसत नाही, तो दसरा-दिवाळीकडे. पूर्वेकडे धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या. दारापुढे पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या लावतात, पण त्यांना पानंच असतात. पळस फुलतो फाल्गुनात. पोळ्याच्या चित्रात केशरी फुलांचा पळस मी अनेक ठिकाणी पाहिला आहे, आणि गावचा माणूस तिथेच चित्रावरचा विश्वास सोडतो. आणि अमावस्या आहे, तेव्हा रात्रीच्या कुठल्याही चित्रात चंद्र नको.

पांढरा बैल भरल्या आभाळाखाली पांढरा नसतोच. पाठीवर आभाळाचा निळसर राखाडी, पोटाखाली ओल्या मातीचा तांबूस-तपकिरी, मानेच्या घडीत गरम करडा. शुद्ध पांढरा फक्त एखाद-दुसऱ्या ठिकाणी, ओल्या नाकावर किंवा शिंगाच्या वार्निशवर ठेवा. अंग असं मवाळ ठेवलं की शिंगांचा गुलाबी, हिरवा, निळा ऑइल पेंट आपोआप झळकतो. खऱ्या पोळ्यातही तसंच दिसतं.

घरं, कपडे, माणसं कशी असावीत?

आज आहेत तशी. कवेलूच्या छपराशेजारी टिनाचं छप्पर, त्याच्या पलीकडे सिमेंटचं स्लॅबचं घर, भिंतीवर डिश. म्हातारी माणसं धोतर-टोपी नि खांद्यावर दुपट्टा, तरुण पोरं जीन्स नि टी-शर्ट. प्रत्येकाला कोल्हापुरी फेटा बांधू नका. बायका नथ घालून ठेवणीतल्या पैठणीत उभ्या नसतात. सकाळपासून पुरण वाटून दमलेल्या असतात आणि बैल दारात आला की पदर सावरत ओवाळायला बाहेर येतात. पायांवर पाणी घालणं, कुंकू लावणं, पुरणपोळी भरवणं, हा क्षण बहुधा बायकांचाच. मालिकेत त्याला एक पूर्ण चित्र द्या, कोपऱ्यातली आकृती म्हणून नको.

आखरावरची गर्दी कशी बसवायची? माझं चित्र जत्रेसारखं दिसतं.

गर्दी अवघड आहे, म्हणून नीट समजून घ्या तिथे काय चालतं. गावाच्या सीमेजवळ आंब्याच्या पानांचं मोठं तोरण बांधतात. दुपार कलली की जोड्या एकेक करून येतात आणि रांगेत उभ्या राहतात. वाजंत्री चालू असतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची यमक जुळवलेली कवनं म्हणणारे एकमेकांना उत्तरं देतात, आणि शेवटी गावचा मानाचा माणूस तोरण तोडतो. त्याला पोळा फुटला म्हणतात. मग बैल मारुतीच्या देवळाकडे आणि तिथून घरोघरी निघतात. बैल घेऊन येणाऱ्याला घरोघरी बोजारा, म्हणजे पैशांची भेट मिळते.

म्हणजे या एका जागेत दोन चित्रं आहेत आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. फुटण्याआधीचं चित्र आडव्या रेषांचं, रांग, तोरण, वाट पाहणं. फुटल्यानंतरचं तिरक्या रेषांचं, माना वर, कासरे ताणलेले, पोरं बाजूला पळतात, चिखल उडतो. दोन्ही एकाच कॅनव्हासवर कोंबले की जत्रा होते.

मी आधी फक्त काळ्या-पांढऱ्या-करड्या तीन छटांत आगपेटीएवढी रेखाटनं करतो. त्या आकारात गर्दी वाचता आली तरच पुढे जातो. पुढची एक जोडी तपशिलात, मधली रांग फक्त शिंगांच्या नि वशिंडांच्या आकारांत, मागची माणसं रंगाच्या फटकाऱ्यांत. आणि नजर कुठे ठेवायची ते ठरवा. बैलाच्या पाठीपलीकडून, गड्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहिलेलं दृश्य ड्रोनच्या उंचीवरून पाहिलेल्या दृश्यापेक्षा कितीतरी जवळचं वाटतं.

झडत्या चित्रात घ्याव्यात का?

जरूर. झडती हा पोळ्याचा तिखट भाग आहे. महादेव-पार्वतीला नमन करून सुरू होते आणि बघता बघता कापसाचा भाव, सावकार, पुढारी, सगळ्यांचा हिशेब घेते. जो हंगाम वाईट गेला त्या वर्षीच्या झडत्या ऐका, वर्तमानपत्रापेक्षा जास्त कळेल.

गावातल्या झडत्या म्हणणाऱ्याकडून ऐकून लिहून घ्या, आणि त्याने स्वतः रचली असेल तर चित्राखाली त्याच्या परवानगीने त्याचं नाव द्या. अक्षरं शक्यतो हाताने काढा. बंडीच्या मागच्या फळीवर नि दुकानांच्या पाट्यांवर रंगाऱ्यांनी काढलेली अक्षरं पाहा, तीच चाल इथे शोभते. तयार फॉन्ट हवाच असेल तर मुक्ता, बालू किंवा तिरो देवनागरी मराठी मोफत मिळतात. 'ल' आणि 'श' यांचं वळण मराठीचं आहे ना ते तपासा, हिंदी वळणाची अक्षरं मराठी डोळ्याला खटकतात. जोडाक्षरं तुटत असतील तर प्रोग्रामच्या मजकूर-सेटिंगमध्ये भारतीय लिपींचा पर्याय चालू करावा लागतो.

कुठलं अ‍ॅप घ्यावं? मोबाइलवर जमेल का?

जमतं. आयबिसपेंट अँड्रॉइड मोबाइलवर मोफत चालतं, जाहिराती सहन कराव्या लागतात. लॅपटॉप असेल तर क्रिता घ्या, पूर्ण मोफत आहे आणि त्यातली ब्रशं व्यावसायिक कामाला पुरून उरतात. त्याला हुइऑन किंवा एक्सपी-पेनचा साधा, बिनस्क्रीनचा टॅब्लेट जोडला की झालं. प्रोक्रिएट फार छान आहे, पण ते फक्त आयपॅडवर चालतं. त्यासाठी कर्ज काढू नका.

फाइल किती मोठी ठेवावी? माझा मोबाइल अडकतो.

छापायचं असेल तर ए-थ्री, ३०० डीपीआय, म्हणजे ३५०८ × ४९६१ पिक्सेल. एवढ्या कॅनव्हासच्या एका थराला साधारण ७० एमबी मेमरी लागते, म्हणून पंधरा-वीस थर झाले की साधा मोबाइल बसतो. मग ए-फोर घ्या, २४८० × ३५०८. जे पक्कं झालं ते थर एकत्र करा, पण त्याआधी मूळ फाइलची प्रत ठेवा. इन्स्टाग्रामसाठी १०८० × १३५० ची वेगळी प्रत काढा. मोठ्यातून लहान करता येतं, लहानातून मोठं नाही.

आणि गावात वीज जाते. ऑटोसेव्ह कमी मिनिटांवर लावा, दिवसाअखेरीस काम पेनड्राइव्हवर घ्या.

तान्हा पोळा आणि मारबत याच मालिकेत घ्यावी का?

तान्हा पोळा घ्याच. लाकडी बैलांना चाकं लावून, सजवून पोरं घरोघरी नेतात आणि बोजारा मागतात. ही रीत नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केली असं सांगतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर मोठमोठ्या लाकडी नंदींसाठी प्रसिद्ध आहे. चित्रकाराला इथे सुंदर संधी आहे. आदल्या दिवशीच्या खऱ्या बैलाची मांडणी जशीच्या तशी घ्या, फक्त माणूस नि बैल दोघेही लहान करा. सुताराच्या हातचा बैल नीट पाहा, रंध्याच्या खुणा, जाड पाय, रंगवलेले डोळे. त्याला खऱ्या बैलासारखं रंगवू नका, लाकूड लाकूडच दिसू द्या.

मारबत म्हणजे रोगराई, इडापिडा घेऊन जावी म्हणून मिरवत गावाबाहेर नेतात तो पुतळा. काळी नि पिवळी मारबत नागपूर शहराची, इतवारी-महालाकडची. ती एवढी मोठी गोष्ट आहे की तिची स्वतंत्र मालिका व्हावी. गावची मालिका असेल तर पाडव्याच्या सकाळी दारचे मेढे उपटून, रोगराईला "घेऊन जा गे मारबत" म्हणत शिवेबाहेर नेतात, ते काढा. पहाटेचा धूसर उजेड, ओली वाट, हातात सुकायला लागलेल्या फांद्या.

आमच्या गावात बैल फार कमी उरलेत. लोक ट्रॅक्टर सजवतात. मग जुना पोळा काढू की आजचा?

आजचा काढा. मोजक्या जोड्या आणि मागे हार घातलेला ट्रॅक्टर, हे दृश्य खरं आहे. बैल ठेवणं परवडत नाही, चारा महाग, गडी मिळत नाही. ज्याने जोडी विकली तो माणूसही पोळ्याला आखरावर येतो आणि दुसऱ्याच्या बैलाच्या पाठीवर हात फिरवून जातो. घरी मातीचे बैल पुजतो. त्याचं चित्र कुणी काढलेलं मला अजून दिसलं नाही. तुमच्या गावात असा माणूस असेल तर त्याच्याशी बोला. भरपूर जोड्यांचा काळ दाखवायचाच असेल तर म्हाताऱ्या माणसांकडून ऐका आणि ते चित्र वेगळ्या रंगसंगतीत, आठवण म्हणून कळेल असं करा.

एआयने चित्र करून वर रंगवलं तर?

माझं मत नको असंच आहे. या मालिकेची किंमत तुम्ही त्या आखरावर उभे होतात यात आहे. यंत्राला तुमच्या गावच्या ढवळ्याचं शिंग कसं मोडलं ते माहीत नसतं.

छापल्यावर रंग मेले. का?

स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, कागद शाईने. शिंगांचा झगझगीत गुलाबी, पोपटी हिरवा आणि गडद निळा चार शाईंच्या छपाईत तसाच्या तसा येत नाही. आधीच सीएमवायके, म्हणजे याच चार शाईंचा प्रिव्ह्यू लावून बघा. रंग वाढवण्यापेक्षा त्याच्या शेजारचे रंग आणखी मवाळ करा, गुलाबी आपोआप उठेल. आणि सगळी चित्रं छापण्याआधी एकाचा नमुना काढून तो दिवसाच्या उजेडात पाहा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाही.

हक्क कुणाचे? कुणीही उचलून स्टेटसला लावतं.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र पूर्ण झालं की हक्क आपोआप तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो तुमच्या पश्चात ६० वर्षं राहतो. गोम एकच आहे. कुणाच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन काम केलं आणि करार केला नाही तर हक्क काम देणाऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून कॅलेंडरवाला असो की बियाणं कंपनी, किती प्रती, किती काळ, कशासाठी, हे लिहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलंसुद्धा काही नसण्यापेक्षा बरं. तोच नियम उलटाही लागू आहे. दुसऱ्याच्या फोटोवरून रेष-न्-रेष उतरवू नका.

आणि ज्यांच्या घरी बसून तुम्ही चित्रं काढलीत त्यांचा चेहरा ओळखू येत असेल तर विकण्याआधी त्यांना दाखवा. एखादा म्हणेल, "मले नको दाखवू फाटक्या बनियानवर." मग बनियान बदला, त्यात कलेचं काही जात नाही.

मालिका पहिल्यांदा कुठे दाखवावी?

गावातच. जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा किंवा मारुतीच्या देवळाचा सभामंडप मागा, ग्रामपंचायतीला आधी सांगून ठेवा. पावसाळा आहे, तेव्हा प्रिंट लॅमिनेट करा किंवा फोमशीटवर चिकटवा, आणि सुतळीला चिमट्यांनी टांगा. उंची पोरांच्या नजरेची ठेवा, कारण तीच सगळ्यात जास्त वेळ पाहतात. वेळ तान्ह्या पोळ्याच्या दुपारची, मोठी माणसं मोकळी असतात नि पोरं सजून आलेली असतात. प्रत्येक चित्राखाली एक कोरा कागद आणि पेन ठेवा. लोक चुका सांगतील, बैलाचं नाव लिहितील, आमच्याकडे तोडे असे नसतात म्हणतील. ते कागद जपून आणा आणि शहरात किंवा नेटवर मालिका टाकण्याआधी त्यातल्या दुरुस्त्या करा. ज्या घरची जोडी काढली त्या घरी एक फ्रेम केलेली प्रत द्या, आणि कासरा धरणाऱ्या गड्याला त्याच्या हाती वेगळी.